छात्रावासातल्या मुलींची पाळी : इंदूरहून निघताना काय न्यायचं, काय नाही

पॅडची खोकी गाडीत टाकून धारच्या रस्त्याला लागणं अगदी सोपं आहे. दोन महिन्यांत खोकी संपतात आणि मुली पुन्हा जुन्या फडक्यांवर येतात, तीही इतर कपड्यांखाली लपवून अर्धवट वाळवलेली. म्हणून आधीच सांगून ठेवायला हवं, की वाटप हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. न्हाणीघराला आतून कडी, बादलीभर पाणी, वाळत घालायला दोरी आणि अधीक्षिका मॅडमचा मनापासून होकार, एवढं जमलं तरच पॅडचा उपयोग होतो. नाहीतर तो एक फोटो असतो.

हे मार्गदर्शन इंदूरच्या मराठी महिला मंडळांसाठी, निवृत्त शिक्षिकांसाठी, डॉक्टरांसाठी आणि शिवणयंत्र चालवणाऱ्या बायकांसाठी आहे. डोळ्यांसमोर मुलगी आहे ती भिल, भिलाला किंवा बारेला अशा आदिवासी घरातली, ११ ते १७ वर्षांची. धार, झाबुआ, अलीराजपूर किंवा बडवानी जिल्ह्यातल्या सरकारी कन्या छात्रावासात, आश्रमशाळेत नाहीतर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात ती राहते. सगळे आकडे ४० मुलींच्या एका छात्रावासासाठी धरले आहेत. कमीजास्त असतील तर त्या हिशेबाने बदला.

कधी जायचं

शाळा जूनच्या मध्यावर उघडली तरी छात्रावास खऱ्या अर्थाने भरतात जुलैत. पहिली फेरी तेव्हा करा, फक्त बघायला, ऐकायला आणि मापं घ्यायला. ऑगस्टमध्ये कापडी पॅडची शिवण, सप्टेंबरात मुलींशी बोलायचं सत्र आणि संचांचं वाटप. तिसरी फेरी त्यानंतर सहा आठवड्यांनी, पण दिवाळीच्या सुट्टीआधी. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं मजुरीसाठी गुजरातकडे जातात, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून काही मुलीही सोबत जातात. त्या कधी परततील याचा नेम नसतो.

फेब्रुवारी-मार्चच्या भरवशावर काही ठेवू नका. दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि होळीआधीच्या आठवड्यात भगोरिया हाट भरतात, तेव्हा छात्रावास ओस पडतो. जाता जाता एक गोष्ट : भगोरिया म्हणजे पळून जाऊन लग्न, ही शहरातली समजूत सत्रात विनोदानेसुद्धा काढू नये. मुलींसाठी तो ढोल-मांदळाचा, झुल्यांचा आणि नव्या कपड्यांचा सण आहे. तुमचं एक वाक्य चुकलं तर पुढचे दोन तास कोणी तोंड उघडणार नाही.

आठवडी बाजाराचा वार मात्र विचारून घ्या. त्या दिवशी आया-मावश्या हाटाला येतात आणि मुलीला भेटायला छात्रावासात डोकावतात. आयांशी बोलायची याहून चांगली वेळ मिळत नाही. धार इंदूरहून ६०-६५ किलोमीटर, म्हणजे एका दिवसात जाऊन येता येतं. झाबुआ आणि बडवानी १५० च्या आसपास. अलीराजपूर त्याहून लांब, तिथे मुक्काम धरावा, पण छात्रावासात कधीच राहू नका.

परवानगी आणि अधीक्षिका मॅडम

अर्ज हिंदीत लिहा. छात्रावास किंवा आश्रमशाळा असेल तर जनजातीय कार्य विभागाच्या जिल्ह्यातल्या सहायक आयुक्तांच्या नावाने, कस्तुरबा विद्यालय असेल तर जिल्हा शिक्षा केंद्राच्या जिल्हा परियोजना समन्वयकांच्या नावाने. येणाऱ्या सगळ्यांची नावं त्यात घाला, आणि आत फक्त बायकाच जातील हे स्पष्ट लिहा. कोणते विषय बोलणार, किती वेळ, काय वाटणार, आणि फोटो घेणार नाही, हेही लिहा. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. फाटकावर चौकीदाराला तोच कागद दाखवावा लागतो.

खरी परवानगी असते अधीक्षिकेची. तिच्यामागे तपासण्या असतात, रजिस्टरं असतात. पाहुणे येऊन गेल्यावर संडास तुंबला तर निस्तरावं तिलाच लागतं. म्हणून 'आम्ही मुलींना ज्ञान द्यायला आलोय' अशी सुरुवात न करता तिची अडचण आधी विचारा. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं : पॅड संडासात टाकतात आणि पाइप चोंदतो. तुमच्या योजनेत त्याचा उपाय आहे असं दिसलं की दार उघडतं.

तिच्याकडून आणखी एक माहिती काढा. मध्य प्रदेशात सातवी ते बारावीच्या मुलींच्या खात्यात या खर्चासाठी वर्षाला ३०० रुपये जमा करायची पद्धत २०२४ मध्ये सुरू झाली. इथे ते आले का, आणि पासबुक कोणाकडे आहे? हिशेब सरळ आहे. एका पाळीला साधारण १२ ते १५ पॅड धरले तर वर्षाला दीडशे ते पावणेदोनशे लागतात. दुकानातला पॅड सहा रुपयांचा धरला तर ३०० रुपयांत पन्नास येतात, म्हणजे फार तर चार महिन्यांचे. जनऔषधी केंद्रातला 'सुविधा' पॅड २०१९ पासून एक रुपयाला मिळतो, त्या भावाने वर्ष निघतं. तेव्हा जवळचं जनऔषधी केंद्र कुठे आहे आणि तिथे माल असतो का, हे पहिल्याच फेरीत बघून या. सुट्टीत घरी गेल्यावरचा आधार म्हणजे गावातली आशाताई आणि आंगनवाडीतला 'उदिता कॉर्नर', म्हणजे पॅड मिळायची जागा.

पहिली फेरी : न्हाणीघर

वही-पेन घेऊन न्हाणीघरात उभं राहा. दाराला आतून कडी आहे का, आणि ती लागते का? सडलेल्या चौकटीवरची कडी नुसती दिसायला असते. दिवा आहे का, रात्री? बादली आणि मग आहे का? झाकणाची कचरापेटी आहे का? आणि भिंतीत खिळा आहे का?

हा खिळा कोणाच्याच यादीत नसतो. मुलगी आत गेली की सलवार, कोरडी घडी (पाळीत वापरायचं दुमडलेलं कापड), वापरलेली घडी आणि साबण एवढं सगळं कुठे ठेवणार? जमीन ओली. मग ती कोरडी घडी दातात किंवा काखेत धरते, ती पाण्यात पडते, आणि पुढच्या वेळी मुलगी बदलायलाच जात नाही. प्रत्येक दारामागे दोन खुंट्या ठोकणं हा या सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च आहे. ड्रिल, प्लग आणि स्टीलच्या खुंट्या सोबतच न्या. 'नंतर बसवून घ्या' म्हणून सोडून आलात तर त्या बसत नाहीत.

पाण्याचा अंदाज असा. ४० मुलींपैकी समजा ३५ जणींना पाळी सुरू झाली आहे. महिन्यातले पाच दिवस धरले तर कोणत्याही दिवशी साधारण सहा जणींची पाळी चालू असते. प्रत्येकीला धुवायला अर्ध्या-अर्ध्या बादलीच्या दोन खेपा, म्हणजे १५ लिटर. दिवसाला ९० लिटर जादा. सकाळी सहाला नळाला पाणी असतं आणि आठला संपतं, हे बहुतेक छात्रावासांचं दुखणं. २०० लिटरचा झाकणाचा एक ड्रम न्हाणीघराजवळ ठेवून रात्री भरला, तर एवढ्यापुरता प्रश्न सुटतो.

दोरीची जागा मुलींनाच विचारा. गच्ची असेल तर उत्तम, कारण ऊन हवं. पण चौकीदाराच्या खोलीसमोर दोरी बांधली तर तिच्यावर कधीच काही दिसणार नाही. पावसाळ्यासाठी वऱ्हांड्याच्या छपराखाली दुसरी दोरी लागते.

याच फेरीत मापं घ्या. कापडी पॅड चड्डीशिवाय टिकत नाही आणि कित्येक मुलींकडे धड एकच असते. प्रत्येकीला तीन द्या. एका खोलीत एकेकीला बोलावून कुल्ल्याच्या सर्वांत रुंद भागाचं माप फितीने घ्या आणि नावाऐवजी नंबराच्या चिठ्ठीवर लिहा. बाजारात ७५, ८०, ८५, ९० असे नंबर मिळतात. वर्षभरात मुली वाढतात, म्हणून सीमेवरचं माप आलं की वरचा नंबर घ्या आणि एकूण दहा टक्के जादा आणा. माप मोठ्याने वाचायचं नाही. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

शिवण : खोळ आणि घडी

जाड, एकसंध कापडी पॅड इंदूरच्या गच्चीवर छान वाळतो. अलीराजपूरच्या श्रावणात तो दोन दिवस ओला राहतो, आणि ओला पॅड वापरला की खाज, पुरळ, जंतुसंसर्ग आलाच. म्हणून खोळ आणि घडी वेगळी ठेवावी. खोळ म्हणजे चड्डीला टिचबटणाने बसणारी जलरोधक पट्टी. घडी म्हणजे एकपदरी फलालीनचा चौकोन. दुमडला की चार पदर, उघडला की रुमाल. लवकर वाळतो, आणि दोरीवर कोणाला कळतही नाही की हे काय आहे. मुलींना हाच दुसरा गुण जास्त आवडतो.

प्रत्येकीला दोन खोळी आणि आठ घड्या. कापड इंदूरच्या एम.टी. क्लॉथ मार्केटमध्ये ठोक भावात मिळतं, पण फलालीन म्हणून पॉलिएस्टरची लोकर गळ्यात मारली जाते. दोन धागे काढून जाळून बघा : सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर ते घेऊ नका, ते शोषत नाही.

फलालीन ९० सेंटिमीटर पन्ह्याचं घ्या आणि आधी धुवा. रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात काढा. नव्या कापडाची खळ निघेपर्यंत त्यावर पाणी नुसतं ओघळतं. धुतल्यावर पन्हा ८५ च्या आसपास येतो आणि लांबीही आटते. आता चौकोन कापा २२ बाय ३१ चे. पन्ह्यात ३१, ३१ आणि २२ असे तीन उभे पट्टे बसतात (८४ सेंटिमीटर). मीटरभर लांबीत पहिल्या दोन पट्ट्यांतून चार-चार आणि तिसऱ्यातून आडवे तीन, म्हणजे अकरा घड्या निघतात. ४० मुलींच्या ३२० घड्यांना धुतलेलं २९-३० मीटर लागतं, तेव्हा विकत घेताना ३३ मीटर घ्या. कडा ओव्हरलॉक करा. दुमडून शिवलेली कड जाड होते आणि मांडीला काचते.

खोळीसाठी गडद छापील सुती कापड ११२ सेंटिमीटर पन्ह्याचं ११ मीटर, आणि जलरोधक थराला पीयूएल कापड १५० पन्ह्याचं ४ मीटर. दुकानात ते डायपरचं कापड म्हणूनही मागता येतं. छापील कापडाचा रंग जातो का ते आधी बघा. धुतल्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत कात्री लावू नका, नाहीतर पहिल्याच पाळीत लाल रंग बघून मुलगी घाबरते.

पुठ्ठ्याचा साचा करा : मधली पट्टी २४ लांब, ८ रुंद, टोकं गोल, आणि मधोमध दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंटिमीटरचे पंख. भोवती एक सेंटिमीटर शिवणीला सोडला की तुकडा २६ बाय २२ मध्ये बसतो. छापील कापडाचे दोन आणि पीयूएलचा एक असे तीन तुकडे एका खोळीला. वरच्या तुकड्यावर दोन्ही टोकांजवळ तीन सेंटिमीटर रुंदीचा आडवा पट्टा घाला, दोन्ही बाजूंच्या शिवणीतच पकडलेला. घडीची टोकं याच्याखाली खोचली जातात. मग छापील तुकडे सुलट बाजू आत करून एकावर एक, पीयूएल सर्वांत खाली. कडेने एक सेंटिमीटरवर शिवण, सहा सेंटिमीटर जागा मोकळी. तिथून उलटवून घ्या आणि कडेलगत परत एक टीप मारा.

मधून कुठेही टीप नको. जिथे सुईचं भोक पडतं तिथून गळतं, हे या शिवणीतलं पहिलं आणि शेवटचं व्याकरण. टाचण्याही मधे लावायच्या नाहीत, कपड्याचे चिमटे लावा. सुई ११ किंवा १२ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा, टाका लांब. पीयूएलवर थेट इस्त्री फिरवली की तो थर सुरकुततो आणि मग सगळी खोळ वाया.

पंखांना प्लास्टिकची टिचबटणं, एकूण ८० जोड आणि दहा-बारा जादा. बटण बसवायच्या जागी आतून कापडाचा छोटा तुकडा ठेवा, नाहीतर महिनाभरात बटण कापडासकट उपटून येतं. सगळ्या परत आलेल्या खोळींमध्ये हीच तक्रार सर्वांत जास्त असते.

तयार झाल्यावर दहातली एक तपासा. घडी खोचून औषधाच्या टोपणाने सावकाश १५ मिलिलिटर पाणी ओता, वर वही ठेवून हाताने दाबा, खाली कागद धरा. कागद कोरडा राहिला पाहिजे. ओला झाला तर त्या दिवशी त्या शिवणयंत्रावर झालेल्या सगळ्या खोळी तपासायच्या.

बाकी संचात : दोन कप्प्यांची नाडीची थैली (एक कप्पा पीयूएलचा, ओल्या घडीसाठी), तीन मीटर दोरी, सहा चिमटे, दोन साबण, आणि विकतच्या पॅडचं एक पाकीट प्रवास आणि पावसाळ्यासाठी. मासिक पाळीचा कप चांगला आहे, पण पाणी आणि एकांत या दोन्हींचा भरवसा नसलेल्या ठिकाणी पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये.

सत्र

४० जणींना एकत्र बसवू नका. ११-१२, १३-१४ आणि १५ व त्यापुढच्या अशा तीन टोळ्या, प्रत्येक टोळीला दीड तास. शिक्षक आणि चौकीदार बाहेर. अधीक्षिका पहिली पंधरा मिनिटं बसल्या तर चांगलं, नंतर त्यांनीही उठावं, हे आधीच गोडीत ठरवून घ्या.

भाषा हिंदी ठेवा, पण सोपी. भिली-बारेलीतले काही शब्द मराठी कानाला ओळखीचे वाटतात आणि सगळं समजतंय असा भ्रम होतो. मोठ्या वर्गातली एक मुलगी मधे दुवा म्हणून घ्या. पाळीला त्या काय म्हणतात ते विचारून फळ्यावर लिहा आणि पुढे तोच शब्द वापरा. 'एमसी' म्हणाल्या तर एमसी.

आता थोडं आपल्याबद्दल. 'कावळा शिवला', 'बाजूला बसली', 'चार दिवस लोणच्याला हात नको' हे आपल्या घरांतलं आहे, आणि ते आपण नकळत पिशवीतून सोबत नेतो. आदिवासी घरांत पाळीचे नियम कुठे आहेत, कुठे नाहीत, फळ्याफळ्याला (फळिया म्हणजे गावातली वस्ती) वेगळे आहेत. म्हणून 'तुमच्याकडच्या अंधश्रद्धा' असा सूर लावण्याआधी विचारा : घरी काय करता, काय करत नाही? कदाचित तिथे मुलगी पाळीतही चुलीपाशी बसत असेल, आणि शिवू नको हे तिने शाळेत येऊन आपल्यासारख्यांकडूनच ऐकलं असेल.

शरीर समजावताना लाल फलालीनचे उरलेले तुकडे एका जुन्या ॲप्रनवर शिवा : गर्भाशय मुलीच्या मुठीएवढं, दोन्हीकडे नळ्या, टोकाला बदामाएवढे बीजांडकोश. ॲप्रन एका मुलीच्या अंगावर बांधला की हे सगळं कुठे आहे ते कळतं. भिंतीवरच्या तक्त्याने कळत नाही, तो पोट कापलेल्या बाईसारखा दिसतो. लघवीची जागा, योनिमार्ग आणि शौचाची जागा या तीन वेगळ्या आहेत हेही इथेच सांगा. हे मोठ्या मुलींनाही माहीत नसतं.

रक्त किती जातं ते बीटाच्या पाण्याने दाखवा. जाहिरातीतलं निळं पाणी नको. पाच दिवसांत मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे पोहे खायचे चार-पाच चमचे. तेवढं वाटीत ओतून दाखवलं की 'अंगातलं सगळं रक्त जातं' ही भीती आपोआप उतरते. दोन ते सात दिवस पाळी आणि एका पाळीपासून दुसरीपर्यंत २१ ते ४५ दिवस, हे या वयात चालतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं नेम नसतो.

महिना मोजायला माळ करा. मणी ओवणं या मुलींना आपल्यापेक्षा कितीतरी छान येतं. पण २८ मण्यांची ठरीव माळ देऊ नका, नाहीतर तिसाव्या दिवशी रडारड. दोरा लांब द्या. पाळीच्या दिवसांना लाल मणी, बाकी पांढरे, रोज एक ओवायचा. दोन-तीन महिन्यांत प्रत्येकीची माळ वेगळी दिसते आणि तोच धडा.

धुण्याचं प्रात्यक्षिक अंगणात करा. आधी थंड पाणी, वीस-तीस मिनिटं. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. रात्रभर भिजत ठेवू नये, वास येतो. मग साबण, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळणं, पिळून झटकून दोरीवर, पूर्ण उघडून. ऊन चार-पाच तास मिळालं तर उत्तम. हाताला गारवा लागला तर घडी वाळलेली नाही. पावसाळ्यात इस्त्रीने शेवटचा ओलावा काढा, तेही नसेल तर विकतचा पॅड वापरा. घडी असो की पॅड, चार ते सहा तासांनी बदलायचा, भरला नसला तरी. योनिमार्ग आतून साबणाने धुवायचा नाही. साधं पाणी पुरतं.

प्रश्नांचा डबा ठेवा : बिस्किटांचा पत्र्याचा, झाकणाला फट पाडलेला. नियम एकच, चिठ्ठी सगळ्यांनी टाकायची, प्रश्न नसला तर कोरी. एरवी जी उठून जाईल ती उघडी पडते. लिहिता न येणारीने चित्र काढलं तरी चालतं.

पंधराच्या पुढच्या

यांच्याशी गर्भधारणेबद्दल आडवळणाने बोलू नये. बीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणून पहिली पाळी यायच्या आधीही दिवस जाऊ शकतात, हे वाक्य असंच सांगा. एका वेळच्या संबंधानेही दिवस जातात. लग्नाचं कायदेशीर वय मुलीला १८. आणि १८ च्या आतल्या मुलीशी शरीरसंबंध, तिची 'हो' असली तरी, पॉक्सो कायद्यात गुन्हा ठरतो.

त्याच कायद्याचा तुमच्यावरही भार आहे. एखाद्या मुलीने अत्याचाराची गोष्ट सांगितली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून 'कोणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. सत्राच्या सुरुवातीलाच सांगा : बाकी सगळं आपल्यात राहील, पण कोणी तुम्हाला त्रास देत असेल तर मदत करणाऱ्यांना सांगावंच लागेल. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ हा नंबर सगळ्यांकडून पाठ करून घ्या. आणीबाणीची गोळी ७२ तासांच्या आत घेतली तर उपयोगी, आणि अत्याचार झालेल्या मुलीवर कोणत्याही रुग्णालयाने मोफत उपचार करायचे असतात, हे अधीक्षिकेलाही माहीत असावं. तपशिलाच्या प्रश्नांसाठी जिल्हा रुग्णालयातलं किशोरांचं 'उमंग' केंद्र आहे. तिथली समुपदेशक सत्राला आली तर मुलींना निदान तिचा चेहरा ओळखीचा होतो.

रक्त, लोह आणि सिकलसेल

किशोरींना सरकारकडून आठवड्याला एक निळी गोळी मिळते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल. ती मुली जीभेखाली धरून बाहेर टाकतात, कारण रिकाम्या पोटी मळमळतं. जेवणानंतर द्या, चहा तासाभराने. शौच काळी होते हे आधी सांगा. जंताची गोळी वर्षातून दोनदा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ८ च्या खाली म्हणजे त्याच आठवड्यात डॉक्टर. डाळीवर लिंबू पिळणं, मक्याच्या भाकरीसोबत चवळी-उडीद, हे तिथलं जेवण आहेच. इंदूरहून खजुराचे डबे नेण्यात अर्थ नाही.

या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि ते विसरून चालत नाही. त्याच्या तपासणीची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच, शहडोलला सुरू झाली. मुलीकडे तपासणीचं कार्ड आहे का विचारा. आजार असलेल्या मुलीच्या हाडा-सांध्यांत, पाठीत, पोटात कळा येतात आणि त्या पाळीच्या दुखण्यात गणल्या जातात. अशा मुलीला पाणी भरपूर लागतं, आणि जादा लोहाची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये.

साध्या पोटदुखीला गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली, थोडं चालणं. पण तासा-दोन तासाला पॅड भिजणं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी, सात दिवसांहून जास्त रक्त, तीन महिने पाळी नाही, शाळा बुडण्याइतकं दुखणं, चक्कर येऊन पडणं, वासाचा स्राव किंवा १५ पूर्ण होऊनही पाळी न येणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टर. ही यादी हिंदीत छापून अधीक्षिकेच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा.

टाकाऊ पॅड

इंदूरमध्ये कचरागाडीला वापरलेल्या पॅडसाठी वेगळा कप्पा असतो. फळ्यात गाडीच येत नाही. देणगीदारांना इन्सिनरेटर फार आवडतो, कारण त्यावर नावाची पाटी लागते. पण प्लास्टिकचा पॅड नीट जळायला ८०० अंशांच्या वर तापमान हवं. ओला पॅड आणि कमी दाबाची वीज असली की तो धुमसतो आणि विषारी धूर न्हाणीघरात भरतो. दुरुस्तीला माणूस नसतो, आणि सहा महिन्यांत त्यात झाडू ठेवलेले दिसतात. घड्यांचा वापर वाढला की टाकाऊ पॅड मुळातच कमी होतात. उरलेल्यांसाठी प्रत्येक न्हाणीघरात झाकणाची पेटी, गुंडाळायला जुनं वर्तमानपत्र, आणि विहीर-हातपंपापासून दूर झाकण असलेला खोल खड्डा. पेटी रिकामी कोण करणार हे नावासकट ठरवा. ते काम मुलींवर पाळीपाळीने टाकू नका. कर्मचाऱ्याला हातमोजे आणि चिमटा द्या.

परत जाणं

सहा आठवड्यांनी जाल तेव्हा 'आवडलं का' विचारू नका, 'हो' असंच उत्तर येतं. थैल्या बघायला मागा, दाखवायची इच्छा असेल तिच्याच. घडी कोरी करकरीत असेल तर ती वापरलेली नाही, कारण शोधा : बहुतेक वेळा दोरीची जागा किंवा चड्डीचा नंबर. घडी कडक झाली असेल तर साबण निघत नाही, म्हणजे पाणी कमी पडतंय. पंखाचं बटण उपटलं असेल तर शिवण तुमची चुकली. वऱ्हांड्यातली दोरी कपड्यांना लागते म्हणून कोणी नेली असेल तर नवी बांधा, न रागावता. खुंट्या हलवून बघा.

नव्या मुली दर जुलैत येतात, म्हणून पाच जादा संच अधीक्षिकेच्या कपाटात आणि आणखी दोन संच मोठ्या मुलींच्या खोलीत ठेवा. रात्री दहाला पहिली पाळी आलेली मुलगी कपाटाची किल्ली मागायला जात नाही. पुठ्ठ्याचा साचा, वीस टिचबटणं, दोरा, सुया आणि बटण बसवायची पक्कड हेही तिथेच सोडून या. इंदूरला परत आणलेली पक्कड मंडळाच्या कपाटात पडून राहते आणि पुढच्या वर्षी कोणालाच सापडत नाही.